अस्थिमज्जा प्रत्यारोपण : परळपासून परतूरपर्यंत

मी जालना जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. चार वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. परतूर भागातले कुटुंब. दर वीस-बावीस दिवसांनी ती गैरहजर असायची. हजेरी घेताना तिचे नाव आले की बाकीच्या मुली एका सुरात सांगायच्या, "आपा, खून चढवाने गई." तिला थॅलेसेमिया होता. तिच्या शरीरात चांगले रक्त तयारच होत नव्हते. वडील तिला पहाटेच्या गाडीने घेऊन जायचे, कधी जालन्याला, कधी छत्रपती संभाजीनगरला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत यायची तेव्हा ओठांवर थोडी लाली असायची. पंधरा दिवस उलटले की ती पुन्हा पिवळी पडायची.

एकदा डॉक्टरांनी वडिलांना सांगितले, "हा आजार मुळापासून बरा होऊ शकतो. घरातल्या भावंडांची मज्जा जुळते का ते तपासून घ्या." घरात एक मोठा भाऊ आणि एक धाकटी बहीण. वडील तयार होते, पण दादी आडवी आली. मी घरी गेले तेव्हा ती मला म्हणाली, "हड्डी में का गूदा निकाले तो पोरगा खोखला हो जाएगा, आपा. एक को बचाने में दोनों जाएंगे." मग तिने मलाच विचारले, "तुम पढ़े-लिखे लोग हो, तुम बोलो."

मी काहीच बोलले नाही. मला माहीतच नव्हते. "घरात विचार करून ठरवा," एवढे सांगून चहा पिऊन उठले. बीएडला आम्हाला शिकवले होते की विद्यार्थ्याचा प्रश्न कधी टाळू नका, उत्तर येत नसेल तर शोधून सांगा. दादीचा प्रश्न मी टाळला. त्या घराने पुढची दोन वर्षे तपासणी केली नाही. त्या दोन वर्षांत माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे. हा लेख म्हणजे दादीला त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर आहे.

स्वयंपाकघरातली नळी

मज्जा आपल्याला परकी नाही. निहारीच्या ताटात नल्ली आली की ती आपटून आतला गूदा काढण्यासाठी मुलांची भांडणे होतात. मटणाच्या रश्श्यात नळी कोणाच्या वाट्याला गेली यावर मराठी घरांतही रुसवेफुगवे होतात. पण हा गूदा हाडात नेमका कशासाठी असतो, हे माणसाला हजारो वर्षे माहीत नव्हते. आयुर्वेदाने सात धातू सांगितले: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. प्रत्येक धातू आधीच्या धातूपासून बनतो अशी ती मांडणी आहे. तिच्यात रक्त दुसरे येते आणि मज्जा सहावी.

प्रत्यक्षात क्रम उलटा निघाला. १८६८ मध्ये जर्मन डॉक्टर अर्न्स्ट नॉयमन यांनी कोनिग्सबर्ग इथे हाडातला गूदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना तिथे तांबड्या रक्तपेशी तयार होताना दिसल्या. त्याच वर्षी इटलीत ज्युलिओ बिझोझेरो हेही याच निष्कर्षाला पोहोचले. म्हणजे रक्ताचा कारखाना हाडातच आहे. आज आपल्याला माहीत आहे की प्रौढ माणसाची मज्जा रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी तयार करते. एक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मग नाहीशी होते. तिची जागा नवी पेशी घेते. हे काम जन्मापासून मरेपर्यंत थांबत नाही. दादीच्या भीतीचे अर्धे उत्तर इथेच आहे. मज्जा ही तिजोरीत ठेवलेली रक्कम नाही. ती वाहता झरा आहे.

बॉम्बमधून निघालेली विद्या

एकाची मज्जा दुसऱ्याला देण्याची कल्पना मात्र फार वाईट दिवसांत पुढे आली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. स्फोटातून वाचलेली अनेक माणसे नंतरच्या आठवड्यांत मरू लागली. हिरड्यांतून रक्त यायचे, अंगावर डाग पडायचे, साध्या जंतूनेही जीव जायचा. किरणोत्साराने त्यांची मज्जा जाळून टाकली होती. कारखानाच बंद पडला होता.

यावर उपाय शोधण्यासाठी अमेरिकेत उंदरांवर प्रयोग सुरू झाले. मरण अटळ होईल इतके किरण दिलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा शिरेतून दिली तर ते जगतात, हे १९५१ मध्ये एगॉन लॉरेन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. मज्जा हाडात नेऊन भरावी लागत नव्हती. रक्तात सोडली की ती आपली आपण हाडात जाऊन घर करत होती.

इथून डॉ. ई. डोनाल थॉमस यांचे काम सुरू होते. ब्लड कॅन्सरमध्ये रोग मज्जेतच असतो. मग ती आजारी मज्जा किरणांनी आणि औषधांनी पूर्ण नष्ट करून निरोगी माणसाची मज्जा दिली तर? १९५७ मध्ये त्यांनी अशा सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सहापैकी एकही १०० दिवसांच्या पुढे जगला नाही. पुढची दहा-बारा वर्षे जगभर असेच अपयश येत राहिले. अनेक डॉक्टरांनी हा नाद सोडून दिला. थॉमस आणि त्यांच्या प्रयोगशाळेत सोबतीने काम करणाऱ्या पत्नी डॉटी मात्र थांबल्या नाहीत.

अडचण अशी होती की मूत्रपिंड बसवले तर शरीर त्या परक्या अवयवावर हल्ला करते, मज्जेत मात्र उलटेही घडते. मज्जेतूनच शरीराचे सैनिक, म्हणजे पांढऱ्या पेशी तयार होतात. परकी मज्जा आली की तिचे सैनिक रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. पाहुण्यानेच घरमालकाला बाहेर काढावे, तशी गत.

मग आपले कोण आणि परके कोण, हे मज्जा ओळखते कशावरून? याचा धागा १९५८ मध्ये पॅरिसमध्ये ज्याँ दोसे यांच्या हाती लागला. पांढऱ्या पेशींवर काही खुणा असतात. त्यांना आज एचएलए म्हणतात. आपल्या रक्तगटासारखाच, पण कितीतरी पट गुंतागुंतीचा असा हा गट आहे. मूल या खुणांचा अर्धा संच आईकडून घेते आणि अर्धा वडिलांकडून. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांचे संच पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के असते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डॉ. रॉबर्ट गुड यांनी रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या एका तान्ह्या बाळाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली आणि ते बाळ वाचले. मूळचा संच जुळत असला तर काम होते, हे सिद्ध झाले. दोसे यांना १९८० मध्ये आणि थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

याच काळातला एक प्रसंग मी वर्गात नेहमी सांगते. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. सहा जण किरणोत्सारात सापडले. त्यांना पॅरिसला नेण्यात आले. तिथे डॉ. जॉर्ज माथे यांनी त्यांपैकी पाच जणांना मज्जा दिली. देणारे होते पॅरिसमधले लोक. ना नात्याचे, ना देशाचे, ना भाषेचे. भूल देऊन त्यांच्या हाडात सुया घालण्यात आल्या आणि त्यांनी त्या घालू दिल्या. पाचपैकी चार जण वाचले. ती मज्जा त्यांच्या शरीरात कायमची रुजली नाही, पण त्यांची स्वतःची मज्जा सावरेपर्यंत तिने साथ दिली.

परळची इमारत

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. मराठवाड्यातून कॅन्सरचा रुग्ण निघाला की तो देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने मुंबईला जातो आणि परळला 'टाटा'त पोहोचतो. या दवाखान्याचा जन्मच ब्लड कॅन्सरच्या एका मृत्यूतून झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पैशाला तोटा नव्हता, उपचार परदेशात चालले होते, तरी काही करता आले नाही. आपल्या देशात या आजाराचे उपचार व्हावेत अशी दोराबजींची इच्छा होती. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने हे काम पुढे नेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. हिरोशिमाने ज्या विद्येला जन्म दिला, ती आपल्या देशात अणुऊर्जा विभागाच्याच दवाखान्यात रुजली.

ती रुजवणारे डॉक्टर म्हणजे सुरेश अडवाणी. जन्म १९४७, कराची. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब इकडे आले. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय गेले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने सुरुवातीला त्यांना प्रवेश नाकारला, कारण व्हीलचेअरवरचा मुलगा डॉक्टर कसा होणार? त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. प्रवेश मिळवला, शिकले, टाटामध्ये कॅन्सरतज्ज्ञ झाले. मग अमेरिकेत सिएटलला जाऊन थॉमस यांच्या केंद्रात मज्जा प्रत्यारोपणाचे शिक्षण घेतले.

२० मार्च १९८३ रोजी टाटा हॉस्पिटलमध्ये त्यांनी भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण होती ९ वर्षांची मुलगी. तिला ब्लड कॅन्सर होता. मज्जा दिली तिच्या भावाने. मेहरबाई टाटांच्या मृत्यूला तेव्हा ५२ वर्षे झाली होती. ज्या आजारापुढे टाटांची संपत्ती हरली होती, त्यातून एक मूल त्यांच्याच नावाच्या इमारतीत वाचले. अडवाणींना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

थॅलेसेमियाच्या बाबतीत हे काम तामिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. मॅमन चंडी यांनी १९८६ मध्ये सुरू केले. २००७ मध्ये टाटाचा प्रत्यारोपण विभाग परळहून नवी मुंबईत खारघरला गेला. बोरिवलीत मुंबई महापालिकेचेही केंद्र आहे. आपल्या गावात बसून हे सगळे दूरचे वाटते. पण परतूरच्या त्या घरात दादी मला प्रश्न विचारत होती, तेव्हा तिच्याच राज्यात भावाने बहिणीला मज्जा देऊन ३५ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. उपचार मुंबईपर्यंत आला होता, त्याची खबर मात्र आमच्या मोहल्ल्यापर्यंत आली नव्हती.

दादीच्या प्रश्नाचे उत्तर

मज्जा काढतात ती पाठीच्या कण्यातून नाही. कमरेच्या मागच्या बाजूला जे रुंद हाड असते, त्यातून सुईने ओढून घेतात. देणाऱ्याला भूल दिलेली असते. हाड कापत नाहीत, पोकळही करत नाहीत. काही दिवस कंबर दुखते. काढलेली मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून निघते. आता बऱ्याचदा सुईचीही गरज पडत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात आणतात आणि हातातल्या शिरेतून रक्त घेऊन यंत्राने त्या वेगळ्या करतात. बाकीचे रक्त परत त्याच माणसाला देतात.

धोका खरा असतो तो घेणाऱ्याला. आधी तीव्र औषधांनी त्याची स्वतःची मज्जा नष्ट करतात. नवी रुजेपर्यंतचे दोन ते चार आठवडे तो जंतूंपुढे उघडा असतो. नव्या मज्जेने शरीरावर हल्ला करण्याची भीती नंतरही राहते. औषधांमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. काही रुग्ण दगावतात. हे लपवून कुणाला तयार करू नये. पण थॅलेसेमियाच्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवत राहिले तर त्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साठत जाते. ते बाहेर काढण्याच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. म्हणून प्रत्यारोपण करायचेच असेल तर लहान वयात, लोहाने अवयव खराब होण्याआधी केलेले बरे. दोन वर्षे वाया जाणे म्हणजे काय, ते यावरून कळावे.

मोहल्ल्यात आणखी एक प्रश्न मला ऐकू आला. दुसऱ्याची मज्जा घेतली तर मूल कोणाचे? प्रश्न वेडगळ नाही. प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा रक्तगट बदलून देणाऱ्याचा होतो. भावाची मज्जा घेतलेल्या बहिणीच्या रक्तात पुरुषाची गुणसूत्रे सापडतात. पण बदल होतो तो रक्तापुरता. ज्या पेशींपासून पुढची पिढी जन्मते, त्या तिच्या स्वतःच्याच राहतात. नसब बदलत नाही. रक्त दिल्या-घेतल्याने दूधभावंडांसारखे निकाहाच्या आड येणारे नातेही लागत नाही, असेच मुफ्ती सांगतात. शरीरात पुन्हा भरून निघणारी वस्तू, जसे रक्त किंवा त्वचा, दुसऱ्याला देणे जायज आहे, असा निर्णय जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मध्ये दिला. मज्जा तर भरून निघणाऱ्या वस्तूंचे उत्तम उदाहरण.

आणि एक गोष्ट आपणच आपल्याला सांगायला हवी. थॅलेसेमिया होण्यासाठी आई आणि वडील दोघेही वाहक असावे लागतात. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. दोन वाहकांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. चुलत, आते, मामे, मावस भावंडांत निकाह झाला की दोघांकडे एकाच आजोबांचा तोच दोष असण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या मराठवाड्यातल्या हिंदू घरांनाही हे लागू आहे. इथे शरीअतवर किंवा रीतीवर बोट ठेवायचे नाही. रिश्ता पक्का करण्याआधी दोघांची हिमोग्लोबिनची एक तपासणी करून घ्यावी, एवढेच म्हणणे आहे.

जुळणारा माणूस कुठे आहे?

दोन वर्षांनी मी पुन्हा त्या घरी गेले. या वेळी वाचून गेले होते. परळच्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. दादीने पहिला प्रश्न विचारला, "वो भाई को कुछ नहीं हुआ?" मी कमरेच्या हाडाची आणि सुईची सगळी हकीकत सांगितली. दादी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ले जाओ."

तपासणी झाली. ज्या गोष्टीसाठी दोन वर्षे गेली, त्यात मुलांचे थोडे रक्त घेण्यापलीकडे काही नव्हते. भावाचा संच जुळला नाही. धाकटीचाही नाही. २५ टक्के म्हणजे चारात तीन वेळा 'नाही', हे गणित मी फळ्यावर शिकवले असते. त्या घराच्या ओसरीवर ते सांगणे फार जड गेले.

आता डॉक्टर दोन वाटा पाहत आहेत. पहिली वाट म्हणजे आई किंवा वडिलांची अर्धी जुळणारी मज्जा. हे तंत्र अलीकडे बरेच सुधारले आहे, पण अवघड आहे. दुसरी वाट म्हणजे नात्याबाहेरचा जुळणारा माणूस. नात्यात लग्ने झालेल्या घरांत कधी कधी चुलत-मामे भावंडेही जुळतात, म्हणून त्यांनाही बोलावले होते. त्या दिवशी दादीही रांगेत येऊन बसली आणि म्हणाली, "मेरा भी देखो." वय फार झाले म्हणून तिचे घेतले नाही. ती नाराज झाली.

नात्याबाहेरचा माणूस शोधण्यासाठी नोंदणी लागते. ही कल्पना एका आईची. १९७४ मध्ये लंडनमध्ये शर्ली नोलन यांनी आपल्या मुलासाठी, अँथनीसाठी, जगातली पहिली अशी नोंदवही सुरू केली. १९७९ मध्ये तो सात वर्षांचा असताना गेला. त्याला जुळणारा माणूस सापडला नाही. वही मात्र राहिली आणि तिच्यातून पुढे परक्यांची कितीतरी मुले वाचली. भारतात चेन्नईची 'दात्री' ही संस्था २००९ पासून असे काम करते. १८ वर्षांवरील निरोगी माणसाने गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून द्यायची, एवढीच नोंदणी. पुढे कधी कुणाशी जुळले तरच बोलावणे येते.

या खुणा वंशाने चालत येतात, त्यामुळे जुळणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच लोकांत सापडतो. परतूरच्या मुलीचा जोडीदार लंडनच्या वहीत सापडणे कठीण. तो असलाच तर जालना, परभणी, बीड, हैदराबादकडच्या एखाद्या घरात असण्याची शक्यता जास्त. कदाचित माझ्याच शाळेतून शिकून गेलेला, आता स्टीलच्या कारखान्यात कामाला असलेला कुणी असेल. पण वहीत त्याचे नाव नाही. आपण रक्तदान शिबिरे घेतो, मोहर्रमला आणि मिलादला घेतो, तरुण रांगा लावतात. त्याच मांडवात गालाच्या नमुन्याचे एक टेबल लागले तर जास्तीचे काही लागणार नाही.

पैशाचा प्रश्न आहेच. थॅलेसेमियाच्या गरीब मुलांसाठी २०१७ पासून कोल इंडियाच्या निधीतून एक योजना चालते. तिच्यात ठरावीक दवाखान्यांत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. तिच्या अटी आहेत, वयाचीही अट आहे. म्हणून चौकशी लवकर करावी.

ती मुलगी आता दहावीत आहे. मराठीच्या पेपरात तिला निबंध आवडतो. अजूनही दर वीस-बावीस दिवसांनी तिची जागा रिकामी असते. या महिन्यात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची बैठक आहे, आणि नोंदणीचा विषय मी त्यात ठेवला आहे. येणाऱ्यांना परळच्या त्या भावाची गोष्ट सांगणार आहे. दादीनेही यायचे कबूल केले आहे. कुणी तिच्यासारखाच प्रश्न विचारला तर उत्तर तीच देणार म्हणते.